उजव्या पायाचं म्हणणं

या, पुढे सरका जरा. असं भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज तिथवर यायचा नाही. एकोणीस वर्षं मी लोकांच्या थेट कानात बोलले, मोठ्यानं बोलायची सवयच गेली. गोष्ट सांगते. एका पायाची गोष्ट आहे, माझ्याच उजव्या पायाची. हसलात तरी चालेल, पण संपेपर्यंत उठू नका. ज्यानं हे शरीर नावाचं प्रकरण घडवलं, त्याला मी साठीच्या घरात येईस्तोवर रोज हात जोडत आले, आणि त्यानं नेमकं काय घडवलंय हे एकदाही उघडून बघितलं नव्हतं. ते जेव्हा बघितलं तेव्हा एका धुलाईच्या दुकानाच्या माडीवर मी गुडघ्यांवर होते. तिथपर्यंत कशी पोचले ते आधी ऐका.

आम्ही दोघं, मी आणि आमचे हे, चौकात सिग्नलला उभे होतो. संध्याकाळ, ऑफिसं सुटलेली, हातात भाजीची पिशवी. हिरवा दिवा लागला, ह्यांनी पाऊल टाकलं आणि फूटपाथच्या कडेवरून पाय घसरला. वीतभर उंची, फार काही नाही. पण ते पुढे झुकले मात्र, आणि आजूबाजूच्या चार-पाच अनोळखी हातांनी त्यांना एकदम धरलं. कुणी कोपर, कुणी बाही. एका मुलीनं तर हातातला कॉफीचा कप टाकून त्यांच्या छातीला तळवा लावला. मी हातभर अंतरावर होते. माझे हात पिशवीच्या बंदांना चिकटून राहिले, मान ताठ झाली, आणि तोंडातून एक वाक्य निघालं, स्वच्छ, सपाट, कामाच्या आवाजातलं: "आपला पत्ता सांगा."

हे सावरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, पंचवीस वर्षं एकाच घरात राहतोय तुझ्याबरोबर. पत्ता विसरलीस होय?" लोक हसले, कॉफीवाली मुलगीही हसली. मीही हसले असेन. पण रस्ता ओलांडताना माझ्या लक्षात आलं की त्या मुलीचा हात जिथे टेकला होता तिथे, छातीच्या त्या जागेवर, मी सहा महिन्यांत हात ठेवलेला नाही. छातीचं सोडा, त्यांच्या अंगाला कुठेच नाही. चहाचा कप देताना बशी धरायची, बोटं लागू द्यायची नाहीत. बिछान्यात मधे उशी. ते कुशीवर वळले की मी श्वास धरून त्यांचा श्वास मोजायची. मोजायची खूप, शिवायची नाही.

आमची नणंद शेजारच्याच इमारतीत राहते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा मी ह्यांच्या सदऱ्याचं बटण लावायला सुईदोरा आणला आणि सदरा अंगावरून काढून मागितला, तेव्हा ती म्हणाली, "काय गं वहिनी, माझा भाऊ विंचू आहे का? अंगावर लावत होतीस की आधी." मी म्हटलं, "वन्सं, सुई टोचेल." "टोचू दे की. जिवंत आहे हे तरी कळेल त्याला." मग गॅलरीत मला गाठून, आवाज उतरवून, तिनं एक पत्ता हातात ठेवला. तिचा अपघात झाला होता मागे, गाडीत बसायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. त्या पत्त्यावरच्या बाईंकडे जाऊन ती बरी झाली होती. "त्या मनाकडे शरीराकडून जातात," ती म्हणाली. "मला विचारू नकोस कसं. जा फक्त."

आता हे सगळं जिथून सुरू झालं, ती सकाळ सांगायला हवी. मी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात काम करायची. खिडकी नसलेली खोली, बारा टेबलं, प्रत्येकाच्या कानावर फोन, हात पत्ता टंकायला मोकळे. म्हणून बोलायचं बटण पायाशी. टेबलाखाली एक पट्टी असते. उजव्या पायानं दाबली की आपला आवाज पलीकडच्याला जातो, सोडली की आपण नुसते ऐकणारे. पलीकडे कुणी रडत असतं, कुणी ओरडत असतं, आणि आपण पाय दाबून म्हणायचं, गुडघ्यांवर बसा, दोन्ही तळहात छातीच्या मधोमध ठेवा, मी मोजते, तुम्ही दाबा. हजारो लोकांना मी हे सांगितलं. स्वतः एकाही माणसाच्या छातीवर हात ठेवला नाही. तशी वेळच येत नाही आमच्यावर. आम्ही आवाज. आणि आमच्याकडे एक रीत होती. रोज सकाळी पावणेआठला कक्षातल्या जुन्या माणसानं बाहेरून फोन लावून लाइन तपासायची. तपासायची म्हणजे काय, तर कक्षाचं पहिलं वाक्य आपणच म्हणून दाखवायचं: "रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष, आपला पत्ता सांगा." आतला माणूस म्हणणार, "लाइन चांगली," आणि ठेवून देणार. बारा वर्षं ते काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून, एका डोळ्यानं दुधाकडे बघत, मी ते रोज करायची.

त्या दिवशी पावणेआठला हे पुढच्या खोलीतून पाणी प्यायला आत आले. पुस्तकं बांधायचा धंदा त्यांचा, घरातच. हाताला खळ लागलेली. पेला उचलला आणि कापडाचा गठ्ठा फळीवरून घसरावा तसे खाली आले. मी फोनकडे धावले. नंबर लावला. पलीकडे आमची चिमणी होती. चिमणी हे आम्ही ठेवलेलं नाव, आवाज बारीक आणि भरभर म्हणून. चांगली पस्तिशीची बाई, कामाला पक्की. तिनं उचलला, आणि मी म्हटलं, "रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष, आपला पत्ता सांगा."

हो. मीच म्हटलं. जिला पत्ता द्यायचा होता तिनं पत्ता मागितला.

चिमणी म्हणाली, "लाइन चांगली, ताई," आणि ठेवून दिला.

तिची काय चूक? वेळ तीच, नंबर तोच, आवाज तोच, वाक्य तेच. फोन कानाला धरून मी उभी राहिले, आणि मग (हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं) खुर्चीवर बसले. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. पाठ सरळ, गुडघे जुळवलेले, कामावर बसते तशी. हे समोर फरशीवर, आणि मी बसलेली. माझा उजवा पाय फरशी दाबत होता. पट्टी नव्हती तिथे, तरी दाबत होता. आवाज कुणालाच जात नव्हता. दीड मिनिट. घड्याळ समोर होतं म्हणून माहीत आहे. मग जिना रंगवणारा रंगारी दारात आला, रंग ओला आहे, भिंतीला हात लावू नका, एवढंच सांगायला, त्यानं आत बघितलं आणि "अहो बाई!" म्हणून ओरडला. घाबरलेला माणूस कानावर पडला आणि माझं यंत्र सुरू झालं. गुडघ्यांवर बसा. दोन्ही तळहात. तुमच्या मोबाईलवरून रुग्णवाहिकेला फोन लावा, बाजूला चालू ठेवा. मी मोजते. रंगाऱ्याच्या हाताखाली हे जगले. दोन बरगड्या मोडल्या, पण जगले. मला कक्षात हार घातला. स्वतःच्या घरात संकट आलं तरी ही बाई डगमगली नाही, असं साहेब बोलले. टाळ्या वाजत होत्या आणि चिमणी मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. त्या दिवशीही नाही, पुढे महिन्याभरात मी निवृत्त झाले तोवरही नाही.

ह्यांच्या डाव्या हाताची बोटं मात्र परत आली नाहीत पुरती. पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उठवायचं काम होतं त्यांचं, एक-एक अक्षर तापवून, श्वास रोखून ठेवायचं. ते गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही, तेवढ्यानं होतं. थोडा वेळ. मला तो मोजून माहीत होता. ते साधी बांधणी करत बसायचे, अक्षरांची पेटी वर ठेवून दिलेली, आणि मी स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीकडे बघायची आणि खांद्यांपासून कुणी तोडून नेल्यासारखे माझे हात गार पडायचे. भीती एकच होती: या माणसाला मी आता कधी शिवू शकणार नाही, आणि एक दिवस तो विचारेल का, आणि मला सांगावं लागेल.

तर त्या माडीवर गेले. लाकडी जमीन, दोन खुर्च्या, एक सतरंजी, घड्या घातलेली कांबळी. खाली धुलाईची यंत्रं फिरली की जमीन पोटऱ्यांना कळेल इतपत थरथरायची. बाई माझ्याहून मोठ्या, पांढरे आखूड केस, चालताना किंचित लंगडत. मी बसले आणि सुरुवात केली, "त्याचं असं झालं की—"

"गोष्ट राहू दे," त्या म्हणाल्या.

"अहो, मग तुम्हाला कळणार कसं?"

"मला कळून काय करायचंय? खुर्चीवर तुमचं वजन कुठे पडलंय, तेवढं सांगा."

"खुर्चीवर."

त्या इतक्या मनापासून हसल्या की मला रागच आला. मी गोष्टींवर वाढलेली बाई. गात गात कथा सांगणारे बुवा आले की वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. पुढे मी स्वतः जायची, कामावरून परस्पर, पोटात भूक घेऊन. माझा देव मला कथेतूनच भेटला. आणि ही बाई म्हणते, गोष्ट राहू दे! पहिल्या दिवशी आम्ही फक्त तळपाय कुठे टेकलेत ते बघितलं. दुसऱ्या दिवशी खोलीत किती कोपरे आहेत ते. नणंदेला म्हटलं, "कोपरे मोजायला जातेय मी तिथे." ती म्हणाली, "मोज. तुला तरी मोजण्याशिवाय काय येतं?" लागलं ते. पण गेले परत. कारण तिसऱ्या वेळी एक झालं होतं. बाई म्हणाल्या, गार हातांकडे जाऊ नका, अंगात कुठे थोडं ऊबदार आहे ते शोधा. शोधलं. डाव्या कानाच्या पाळीत सापडलं. वेड्यासारखं वाटेल, पण माझ्या सगळ्या देहात तेवढं एक गाव दिवा लावून बसलं होतं, आणि मी त्याच्या वेशीवर जाऊन बसले, आणि हळूहळू त्याच्या शेजारचं गावही पेटलं. गाल. मग मान. मला बुवांचा एक क्षण आठवला. ध्रुपद परत यायच्या आधी ते हात वर करून थांबायचे, दोनशे माणसांचा श्वास त्या हातावर टांगलेला असायचा, आणि मग हात खाली, ध्रुपद आलं, सगळे सुटले. माझा श्वास त्या सकाळी असाच वर टांगला गेला होता, आणि हात खाली करणारं कुणी नव्हतं. आठ महिने.

सातव्या वेळी बाई म्हणाल्या, "आज त्या खुर्चीचं बघू या? जमेल तेवढंच. नको वाटलं की कोपरे मोजायचे." तोवर त्यांना एवढंच माहीत होतं की काहीतरी घडलं तेव्हा मी खुर्चीवर होते. मी डोळे अर्धे मिटले. फरशी दिसली. लगेच श्वास थांबला, मांड्या दगड झाल्या, जीभ टाळूला लागली. मला वाटलं, झालं, माझ्यातली ती बया परत खुर्चीत बसली. बाईंचा आवाज आला, "उजवा पाय काय करतोय?"

बघितलं. दाबत होता. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळा जोर लावून जमीन दाबत होता.

"तो बोलायची पट्टी शोधतोय," मी म्हटलं. लाज वाटली. "नवरा समोर पडलाय आणि ह्याला ऑफिस सुचतंय."

"असं ठरवू नका. दाबू द्या त्याला. आणखी सावकाश. आणि बघा, दाबून त्याला कुठे जायचंय."

दाबू दिलं. खालची यंत्रं थांबली होती बहुधा, कारण मला माझ्याच पायातली कुरकुर ऐकू येत होती. पावलातून जोर पोटरीत चढला. पोटरीतून गुडघ्यात. गुडघा किंचित पुढे झाला. मांडीनं खुर्चीवरचं वजन उचललं, केसभर, आणि कमरेत काहीतरी जागं झालं, आणि पाठ पुढे झुकली, आणि मी, मी काहीही न करता, उठत होते.

तेव्हा कळलं. कसं सांगू तुम्हाला. त्या सकाळीही तो पाय उठतच होता! पट्टी-बिट्टी काही नाही. ह्यांच्याकडे जायला त्यानं जमीन दाबली होती, आणि माझ्या एकोणीस वर्षं सवय लागलेल्या डोक्यानं ते ओळखलं नाही, ते म्हणालं, पाय दाबला म्हणजे आता बोलायचं, बसून राहायचं. तिथेच ते उठणं अडकलं. आणि त्या बिचाऱ्या पायानं हट्ट सोडला नाही. आठ महिने, जेवताना, झोपेत, चौकातल्या सिग्नलला, तो ह्यांच्याकडे जायला निघालेलाच होता. मी त्याला शिव्या देत होते आणि तो निघालेलाच होता.

मी पूर्ण उठले. मग गुडघ्यांवर आले. बाईंनी कांबळ्याची जाड घडी माझ्यापुढे सरकवली. माझे हात खांद्यांपासून निघाले, कोपरं सरळ झाली, आणि दोन्ही तळवे त्या घडीच्या मधोमध जाऊन पडले. मी दाबलं. मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. घाम आला, घशातून आवाज आला, जनावरासारखा, आणि मग मांड्यांतून थरथर सुटली. रडण्याची नाही, भीतीची नाही. पाऊस थांबल्यावर झाड हललं की पानं गळतात तशी, आपोआप, एक सर, पुन्हा एक सर. "थांबवू का?" मी विचारलं. "कशाला?" बाई म्हणाल्या. "येतंय ते येऊ दे." मी तशीच कांबळ्यावर टेकून राहिले आणि माझ्या हातात ऊब शिरताना बघत राहिले. नखांपर्यंत. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. देवा, मी मनात म्हटलं, हे तू कधी केलंस? कुणाला न सांगता, हाडामांसाच्या आत, एवढा इमानी नोकर ठेवलास, आणि मला कळूही दिलं नाहीस?

घरी आले तेव्हा दुपार होती. हे पुढच्या खोलीत पुस्तकाच्या कण्याला खळ लावत होते. मी खाली बसले, चपला न काढता, आणि त्यांच्या सदऱ्यावर, छातीवर, तळवा ठेवला. बरगडी जिथे जुळली होती तिथे एक गाठ लागली हाताला. आतलं चालत होतं. त्यांनी ब्रश तसाच धरून ठेवला. "काय गं," ते म्हणाले, "आज पत्ता सापडला वाटतं." मग माझा चेहरा बघितला. मी सांगितलं. फोन, वाक्य, खुर्ची, दीड मिनिट. त्यांच्या डाव्या हाताकडे बघत सांगितलं.

 माझा हात बाजूला करून उठले, आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. एक ब्रश धुवायला एवढा वेळ लागत नाही. मी जमिनीवर बसून होते, आणि माझे दोन्ही तळपाय मला लागत होते, म्हणून बसू शकले. नळ बंद झाला, तरी ते येईनात. मग आले, ओल्या हातांनी, माझ्यासमोर बसले, डोळे लाल.

"दीड मिनिट मी तर झोपलो होतो," ते म्हणाले. "तू एकटी जागी होतीस." ओले हात सदऱ्याला पुसत म्हणाले, "राग आलाय मला. येऊन जाईल. तुला सांगतोय एवढ्यासाठी, की उशी बिशी परत मधे आणू नकोस."

"बरं."

"आणि त्या पोरीचं काय?"

"कुठल्या?"

"अगं, जिनं फोन ठेवला. ती कुठे आहे आता?"

मी स्वतःच्या कानाच्या पाळीपर्यंत शोध घेतला होता, पण तिचा नाही. आठ महिन्यांत मला एकदाही ते सुचलं नव्हतं. ज्यांची बोटं गेली, त्यांना सुचलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. चिमणीनं कक्षातली जागा सोडली होती, तब्येतीचं कारण देऊन. आता ती त्याच इमारतीच्या तळघरात जुन्या नोंदींच्या फायली लावते. तिथे फोन नाही, तिनंच मागून घेतलंय. गेले. ट्यूबलाइटच्या उजेडात ती पाठमोरी उभी होती, खांदे पार कानांना टेकलेले. माझी चाहूल लागली तशी वळली आणि एका श्वासात म्हणाली, "ताई, मी लाइन चांगली म्हटलं. मला वाटलं, मी, ताई—"

"हे बरे आहेत," मी म्हटलं. "त्यांनीच विचारलंय, तू कशी आहेस."

ती खाली बसली, फायलींच्या ढिगावरच. मी शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. बर्फ होता नुसता. मला खूप सांगायचं होतं, पण त्या बाईंची आठवण झाली आणि गोष्ट राहू दिली. आम्ही तशाच बसलो. निघताना तिला माडीचा पत्ता लिहून दिला. तिनं घडी घालून फायलीत ठेवला. "बघते," म्हणाली. अजून गेलेली नाही. मी दर आठवड्याला खाली जाऊन तिच्याजवळ बसते. परवा तिचा हात निघायच्या वेळी थोडा गरम होता, किंवा मला तसं वाटलं असेल.

माझं झालं सांगून. घरी जाल, आपापल्या देवापुढे बसाल, घरच्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी हिचीही आठवण काढा. बारीक आवाजाची एक बाई, तळघरात असते, तिनं फक्त तिचं काम केलं होतं. नाव नका विचारू. चिमणी म्हटलं तरी त्याला कळेल.